हातचा एक

आता निकाल लावणं म्हणजे काही कामच राहिलेलं नाही. लॅपटॉपवर तक्ता उघडायचा, आकारिकचे म्हणजे वर्षभराच्या कामाचे गुण टाकायचे, संकलितचे म्हणजे परीक्षेचे टाकायचे, की श्रेणी आपोआप येऊन बसते. तरी मी एप्रिल संपता संपता तो तक्ता छापून घेते आणि पेन्सिल घेऊन बसते. वरून खाली एकदा, खालून वर एकदा. आमच्या शाळेत नुकताच आलेला शिक्षक हसतो. "मॅडम, मशीन कुठं चुकते का?" म्हणतो. मी बेरीज करत राहते. ही सवय मला शहारे गुरुजींनी लावली, आणि ती त्यांना कुठून लागली ते सांगायचं तर उभ्याउभ्या सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेल्याचं कळलं, तेव्हापासून ते एकदा नीट लिहून काढावं असं मनात होतं.

मी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची. बाबा तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत, आमचं बालपण क्वार्टरमध्ये, रस्त्यांना नंबर, नळाला वेळेवर पाणी. पहिली नेमणूक मिळाली ती पवनी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत. जुनं गाव वैनगंगेच्या काठी होतं, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नवं गावठाण उजाड माळावर, आणि त्याच्या टोकाला दोन खोल्यांची शाळा. पहिल्या दिवशी मी रडवेली होऊन खुर्चीवर बसले होते. मुख्याध्यापक म्हणून जो माणूस समोर आला त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती आणि खिशात लाल पेन चिंधीत गुंडाळलेलं होतं.

"फॅक्टरीवाल्या मॅडम काय तुम्ही? बरं झालं जी. तुमच्याकडं भोंगा वेळेवर होते म्हनते. आमची घंटा बी आता वेळेवर होईन."

मला तेव्हा ते बोलणं खोचक वाटलं होतं. पुढे कळलं की माणूस खोचक नव्हता, त्याला खरंच घंटेची काळजी होती.

हेच शहारे गुरुजी, मूळचे अर्जुनी मोरगावकडचे. भंडारा जिल्हा फुटला तेव्हा त्यांचं घर गोंदियात गेलं आणि नोकरी भंडाऱ्यात राहिली. तसे पुष्कळजण अडकले होते, आणि जो तो आंतरजिल्हा बदलीच्या मागे होता. गुरुजींची बायको गावी, म्हातारी आई गावी. हे इकडे एका खोलीत स्टोव्हवर भात शिजवणार आणि पंधरा दिवसांनी एसटीनं घरी जाणार. आणि गंमत म्हणजे त्यांच्या बदलीचा आदेश एकदा आला होता. आला, आणि त्यांनी नाकारला! तालुक्याच्या बैठकीत हे मला कोणीतरी सांगितलं, तेव्हा सांगणाऱ्यानं कपाळाजवळ बोट फिरवलं. मी गुरुजींना सरळ विचारलं.

"एक काम राह्यलं हाय जी इकडं," ते म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

मला वाटलं, घरी पटत नसेल. माणसांबद्दल माझा पहिला अंदाज बहुतेक वेळा वाईट असतो आणि बहुतेक वेळा चुकतो.

त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. पोरांनी रबर आणलं की ते काढून घेऊन खिडकीत ठेवत आणि सुट्टी झाली की परत देत. चुकलं तर आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. "चूक दिसली पायजे. खोडली का मंग ते कोनाले दिसते?" पालक कुरकुरायचे की वह्या घाण दिसतात. साहेब तपासणीला आले की मीही मनातून शरमायची. माझ्या वर्गाच्या वह्या कशा स्वच्छ, आणि यांच्या पोरांच्या वह्यांत रेघाच रेघा.

पण त्यांचा खरा हट्ट निकालाच्या वेळी दिसायचा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते पोरांना व्हरांड्यात रांगेनं बसवत आणि ज्याचे गुण त्याच्याच हातात देत. प्रत्येकानं आपली बेरीज स्वतः करायची, मग शेजाऱ्याची करायची, आणि गुरुजींची बेरीज जुळत नसेल तर उठून सांगायचं. एकदा केंद्रप्रमुख नेमके तेव्हाच आले आणि उडालेच.

"गुरुजी, निकाल एक मेपर्यंत गोपनीय असतो!"

"ज्याचे गुन हायत त्याच्यापासूनच गोपनीय काय जी साहेब?"

साहेबांनी चहा मागवला आणि शेऱ्यांच्या वहीत शाळेच्या स्वच्छतेबद्दल चांगलं लिहून निघून गेले.

माझ्या दुसऱ्याच वर्षी माझ्या वर्गातला पवन उठला. दुसरीतलं पोर, नाक वाहतंय, चड्डी एका हातानं धरलेली. म्हणाला, "मॅडम, तुमची बेरीज चुकली जी. मले एक गुन जास्त भेटते." मी पाहिलं. खरंच चुकली होती. गुरुजींनी शेजारच्या वर्गातली पोरंही बाहेर बोलावली आणि सगळ्यांकडून पवनसाठी टाळ्या वाजवून घेतल्या. स्वतः उभं राहून वाजवल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. बी.ए., डी.एड. झालेली मी, आणि दुसरीतल्या पोरानं मला शिकवावं? तिसऱ्या दिवशी गुरुजींनी माझ्या टेबलावर मोहाच्या फुलांच्या दोन गरम भाकरी आणून ठेवल्या. समेट करायची त्यांची तेवढीच रीत होती.

नापास करणं तेव्हा बंद झालेलं होतं. आठवीपर्यंत सगळे वर जाणार, प्रत्येकाला श्रेणी आणि खाली वर्णनात्मक नोंदी. आम्ही सगळे त्या नोंदी बाजारच्या पुस्तकातून उतरवायचो. 'वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो', 'स्वच्छतेची आवड आहे', पोरगं शाळेत येत असो की नसो. गुरुजी एकेका पोरासाठी अर्धा अर्धा तास घ्यायचे. एकाच्या प्रगतिपुस्तकात मी वाचलं, 'बैल आजारी पडला हे कसे ओळखावे, ते वर्गाला नीट समजावून सांगतो. गणिताला घाबरतो. त्याला एकट्याला विचारावे.' एका मुलीच्या पुस्तकात होतं, 'हिला उत्तर येते, पण हात वर करत नाही.'

एक मेला झेंडावंदन झालं की निकाल. पण आमच्याकडे तो तेंदूपत्त्याचा हंगाम, माणसं पहाटे जंगलात गेलेली. आई-बाप पानं तोडणार, पोरं घरी बसून पुडे बांधणार, निकालाला कोण येतं? तर उरलेली प्रगतिपुस्तकं थैलीत घालून गुरुजी ऊन चढलेलं असताना घरोघर फिरायचे. मी एकदा म्हटलं, शेजारच्या पोराजवळ द्या, तो नेऊन देईल. त्यावर ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले.

"निकाल हातात द्याचा असते मॅडम! त्याच्याच हातात. न् त्यानं पाहेपर्यंत तिथंच थांबाचं असते."

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फिरले. परत येताना शाळेच्या पायरीवर बसून ते पाणी प्यायले आणि आत जाऊन कपाटातून एक जुनं प्रगतिपुस्तक घेऊन आले. पिवळं पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेले. आत नाव होतं रंजिता. इयत्ता चौथी. शेरा लाल शाईत, 'अनुत्तीर्ण'.

"गनित पाहा," म्हणाले.

मी पाहिलं. लेखी अठ्ठावीस, तोंडी नऊ, एकूण सत्तावीस.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आठ आणि नऊ सतरा, सात लिहिले आणि हातचा एक धरायचा राहिला. सदतीसचे सत्तावीस झाले. पस्तीसला पास.

"जिल्हा फुटून दोन-तीन सालं झाले होते. जुन्या गावातली शाळा. म्या एकटाच होतो तवा, चारी वर्ग माह्याकडं. तिसरीच्या पोरायले म्या हातच्याची बेरीज शिकवतो जी मॅडम, न् माह्याच हातानं..." त्यांनी पुस्तक मिटलं. "निकालाच्या दिवशी ते पोट्टी टेबलाजवळ आली होती. पुस्तकावर असं बोट ठेवून उभी राह्यली. बोलेना. मले वाटलं, रडू येऊन राह्यलं असन. म्या म्हटलं, जाय बाई, पुढच्या साली होशीन पास. तिच्या बापानं पुस्तक टेबलावर ठेवलं, म्हने हे आता कायले पायजे, न् घेऊन गेला तिले."

जूनमध्ये नवी हजेरी तयार करताना त्यांना ती चूक दिसली. त्याच पावली ते तिच्या घरी गेले. घर मोडलेलं होतं. धरणामुळे गाव तुकड्यातुकड्यानं उठत होतं. तिचा बाप देवाजी बायको-पोरं घेऊन कुठेतरी कामाला निघून गेला होता. शाळेचा दाखलासुद्धा नेला नव्हता. कोणी म्हणे नागपूरकडे, कोणी म्हणे तुमसरकडे. गुरुजींनी दोन्हीकडे पाहिलं. पुढे गावं उठून जिथे जिथे वसली तिथे सुट्टीच्या दिवशी जाऊन विचारलं. सापडली नाही.

"न् मंग ते बदलीचा कागद आला. गेलो असतो तं पोरगी इकडं न् म्या तिकडं. काय खोटं बोलू, घरचे नाराज झाले. पन तिचा निकाल माह्याकडं हाय ना जी."

"तुम्ही निदान दुरुस्त तरी करून ठेवायचं," मी म्हटलं.

"तिच्या डोळ्यासमोर करीन."

मला गलबलून आलं. पण खरं सांगते, मनात असंही आलं की एका बेरजेसाठी एवढं? अशा किती पोरी चौथीत शाळा सोडतात. पास झाली असती तरी सोडली असती कदाचित. हे मी त्यांच्यापाशी बोलले नाही, एवढं बरं केलं.

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. भंडाऱ्याला प्रशिक्षणात सिहोऱ्याकडच्या एका गावची शिक्षिका माझ्या शेजारी बसली होती. डबा खाताना आम्ही बायका पालकांची गाऱ्हाणी सांगत होतो. ती म्हणाली, "माझ्याकडं एक आई आहे बाई, काय सांगू! पोरगी दुसरीत. प्रगतिपुस्तकावर सही करायला बोलावलं की टेबलापाशी उभी राहते आणि सगळी बेरीज बोटानं करून पाहते. एकदा नाही, दोनदा. मगच सही करते. मला अपमानच वाटतो."

मी घास खाली ठेवला. "माहेर कुठलं तिचं?"

"ते काय धरणात गेलेलं गाव आहे ना, पवनीकडचं. रंजिता नाव तिचं."

मी परत येऊन गुरुजींना सांगितलं. एक मेला त्यांनी शेवटचा निकाल वाटला, घरोघर फिरून वाटला, शाळेच्या चार्जच्या फायली आणि किल्ल्या माझ्या हाती दिल्या आणि म्हणाले, "उद्या चालता का जी मॅडम? म्या एकटा गेलो तं घरच्यायले वाटन, कोन म्हातारा आला."

पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून सिहोऱ्याची गाडी. गुरुजींनी नवा सदरा घातला होता. थैली मांडीवर, आणि तिच्यावर दोन्ही हात. सगळ्या वाटेत ते माझ्याशी दोनदाच बोलले, आणि दोन्ही वेळा पुस्तक भिजलं-चुरगळलं तर नाही ना, हेच पाहायला सांगितलं.

उन्हाळी धानाची कापणी चालली होती. रंजिता दुपारची बांधावरून नुकतीच परतली होती, विळा खोसून अंगणात पाय धूत होती. पंचविशीची असेल. दारात गुरुजींना पाहिलं आणि तिच्या हातातला गडवा तसाच राहिला.

"गुरुजी?"

पदर डोक्यावर घेऊन ती वाकली. खाट टाकली, पाणी दिलं. तिची मुलगी दाराच्या चौकटीला चिकटून आमच्याकडे पाहत होती. गुरुजींनी पाणीही घेतलं नाही. थैलीतून पुस्तक काढलं, उघडून तिच्यासमोर धरलं, आणि इतकी वर्षं मनात घोळवून ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं.

"बाई, तू पास होती. म्या चुकलो. हातचा धराचा राह्यला माह्याकडून. अठ्ठावीस न् नऊ सदतीस होते. तुले लय शोधलं. मले माफ कर."

रंजितानं पुस्तकाकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती खाली मातीत बसली.

"मले मालूम होतं जी, गुरुजी."

"काय मालूम होतं?"

"बेरीज चुकली ते. त्याच दिवशी दिसलं मले. म्हनून तं टेबलाजवळ आली होती. बोट ठेवलं होतं ना म्या तिथं."

गुरुजींचे हात तसेच पुस्तक धरून राहिले.

"मंग सांगितलं काहून नाही बाई?"

"तुमी कधी चुकलेच नव्हते ना जी." ती अगदी साधेपणानं बोलत होती, कुठलाही राग नाही. "घरी बाबाले सांगितलं. तं बाबानं मारलं मले. गुरुजीची बेरीज चुकन का तुही, म्हने. मंग म्या चुलीतला कोळसा घेतला न् भिंतीवर करून पाह्यली. लय डाव केली. दर डावा सदतीसच ये. मंग मले वाटलं, मलेच हिसाब येत नसन. गुरुजी कसे चुकतीन?" तिनं मुलीकडे पाहिलं. "तवापासून म्या हिसाबाच्या नादी लागलीच नाही जी. बाजारात बी मालकालेच पाठवत होती. आता हे पोरगी शाळेत जाऊन राह्यली, तं तिच्या वक्ताले म्हटलं, एकडाव आपन पाहून घ्यावं."

गुरुजींनी चिंधीतून लाल पेन काढलं. सत्तावीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सदतीस लिहिलं. 'अनुत्तीर्ण'वर रेघ मारली, 'उत्तीर्ण' लिहिलं, खाली सही केली. सही वाकडी आली. मग पुस्तक तिच्या हातात दिलं आणि ती पाहीपर्यंत थांबले.

तिनं बोट ठेवून बेरीज केली. ओठ हलत होते.

"बरोबर हाय जी," म्हणाली. आणि मग, खरोखरच न कळून तिनं विचारलं, "आता याचं काय करू म्या, गुरुजी?"

गुरुजी लाल पेन पुन्हा चिंधीत गुंडाळत राहिले. शेवटी तिची मुलगी पुढे आली, आईच्या हातातून पुस्तक घेतलं आणि नाव अक्षराला अक्षर लावून वाचायला लागली. आम्ही निघालो तेव्हा रंजितानं गुरुजींच्या रिकाम्या थैलीत अंगणातले आंबे घातले. नको नको म्हणताना त्यांनी थैली मागे ओढली आणि आंबे खाली पडले. ते तिनं एकेक उचलून माझ्या पर्समध्ये कोंबले.

तुमसरला आमच्या वाटा वेगळ्या होत्या. मला भंडाऱ्याची गाडी धरायची होती, त्यांना गोंदियाची. सुट्टी लागलीच होती. निवृत्तीचा दिवस सुट्टीतच येणार होता, आणि निरोप समारंभ नको असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "गुरुजी, आता मोकळे झालात. काम झालं तुमचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, म्या पंधरा साल बेरजेलेच धरून बसलो. हातचा राह्यला, हातचा राह्यला. ते लेकरू माह्या पुढं येऊन उभं होतं जी. म्या एवढंच इचाराचं होतं, काय झालं बाई?"

माझी गाडी लागली. मी घाईनं चढले आणि खिडकी धरली. गुरुजी चौकशीच्या खिडकीपाशी गेले होते. गोंदियाची गाडी कधी आहे ते विचारायला गेले असावेत. पण ते विचारत नव्हते. खिडकीच्या कठड्यावर एक बोट टेकवून नुसते उभे होते. मागची माणसं त्यांना ओलांडून पुढे होत होती, आपापल्या गाड्या विचारत होती. आतल्या माणसानं न पाहताच हातानं त्यांना बाजूला व्हायची खूण केली. ते हलले नाहीत.

खाली उतरून त्यांच्यापाशी जायला मला एक मिनिट लागलं असतं. काय झालं गुरुजी, एवढंच तर विचारायचं होतं. पण जागा खिडकीची मिळाली होती, गाडी भरत आली होती, आणि पुढची तासाभरानं होती. कंडक्टरनं घंटी दिली. ते अजून तसेच उभे होते.